शेपटीतलं शिसं

विमानाचं किट लाकडी खोक्यांतून घरी आलं आणि पहिल्याच दिवशी आम्हा भावांत कामाची वाटणी झाली. बांधायचं धाकट्याने, वजन सांभाळायचं मी. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे विमान चालवण्याचा परवाना मला या जन्मी मिळणार नव्हता. पण विमान दोन खुर्च्यांचं होतं.

"शेजारची खुर्ची तुझी, दादा," धाकटा म्हणाला. "फक्त जड होऊ देऊ नकोस."

हिशेब सोपा होता, म्हणून मलाही झेपला. उडताना सगळं मिळून साडेचारशे किलोंच्या वर जायचं नाही, असा नियम. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा करायचं, मग भरल्या टाकीतल्या पेट्रोलचं, मग धाकट्याचं. उरेल तो मी. किटवाल्यांनी सांगितलेल्या वजनात विमान बसलं असतं, तर पासष्ट किलो उरत होते. मी एकसष्ट किलोंचा. म्हणजे तशी ऐसपैस जागा.

ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला हातोडी नीट धरता येत नाही, पण माहितीपुस्तिका वाचता येते. रिकामं वजन एकदम वाढत नाही, चोरपावलांनी आत शिरतं, एवढं मला तिच्यातून कळलं. मी स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये नेला आणि प्रत्येक वस्तू बसवण्याआधी तोलायला लागलो. नटाच्या बाहेर बोल्टचे दोन आटे दिसले की पुरे. जास्त दिसले तर मी आखूड बोल्ट शोधायचो. वायरींची जादा टोकं छाटायचो. पंखांच्या टोकांना फायबरचं कापड चिकटवलं की वरचं रेझिन पुठ्ठ्याने निपटून काढायचो. मजबुती कापडाची असते, जादा रेझिन नुसता भार.

धाकट्याची बायको काटा परत न्यायला यायची. "दादा, आता जेवणही तोलूनच वाढू का?"

"मला नको. याला वाढ."

"ह्यांना तोलायला हा काटा पुरायचा नाही."

धाकट्याने पोट आत ओढलं आणि पाना शोधायला लागला.

सुरुवातीचा काळ असा बरा गेला. मग धाकटा फ्लाइंग क्लबात जायला लागला. तिथे सगळे त्याला कॅप्टन म्हणत, आणि कॅप्टनच्या विमानाला किटमधलं साधं इंजिन शोभत नाही, असं त्या मंडळींचं मत पडलं. मोठं इंजिन घरी आलं. जुनं खोक्यातच राहिलं.

"हे चौदा किलोंनी जड आहे," मी म्हणालो.

"ताकद बघ ना त्याची. चौदा किलो ते हसत उचलेल."

"उचलेल. पण नियम ताकदीचा नाही, वजनाचा आहे."

"तू म्हणजे अगदी पुस्तकातला किडा. बघू पुढचं पुढे."

मोठ्या इंजिनाला जाडजूड चौकट लागली, मोठी बॅटरी लागली. विमानाचा तोल पुढे गेला.

"नाकापेक्षा मोती जड," त्याची बायको दारातून म्हणाली आणि आत निघून गेली.

आता तोल साधायचा तर मागे भार घालायला हवा. धाकट्याने शिशाची लादी आणली. तीही मीच तोलली. ज्या शेपटीतून मी एकेक वॉशर वाचवला होता, तिच्यात तीन किलो शिसं आवळताना पाना माझ्याच हातात होता. बोल्ट मात्र आखूड निवडला. सवय.

मग रंगारी आला. तो बिचारा म्हणाला, "एकच हात देतो, कॅप्टनसाहेब. वर ढगात कोण बघायला येतंय?"

"विमान काय सारखं ढगातच असतं? क्लबात उभं राहायचंय त्याला."

तीन हात बसले. वर चकचकीत वार्निश, बाजूंना लाल पट्टे.

"दोन किलोंनी काय होतंय, दादा?" हे तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी मला वाटायचं, खरंच, मीच कद्रूपणा करतो की काय. माणूस आयुष्यात एकदाच विमान बांधतो. त्याला लाल पट्टे हवेसे वाटले तर बिघडलं कुठे? मी काटा पुसून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

विमान तोलून पास करायला तपासनीस आला त्या दिवशी वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून क्लबातल्या हँगरचे दरवाजे लावून घेतले होते. तिन्ही चाकांखाली एकेक काटा. त्याने बेरीज केली, पुन्हा केली.

"दोनशे एक्क्याण्णव. किटवाल्यांच्या आकड्यापेक्षा सव्वीस किलो जास्त. शेजारी कोण बसणार?"

धाकट्याने माझ्याकडे बोट केलं.

"किती भरता?"

"एकसष्ट."

"एकोणचाळीस उरतात. टाकी अर्धी ठेवलीत तरी सत्तावन्न. तुमच्यात कमी करण्यासारखं काही दिसत नाही."

धाकटा हसला. "दादा, महिनाभर नुसतं सूप पी."

मी आयुष्यात कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. तेव्हा तोडलं. म्हणालो, "जुनं इंजिन बसवता येईल. ते बसवलं की चौकट जाते, मोठी बॅटरी जाते, शिसंही निघतं. रंग तसाच राहू दे. थोडं पेट्रोल कमी घेतलं की मी मावतो."

धाकटा लाल पट्ट्यावरून बोट फिरवत राहिला.

"एवढं सगळं उचकटायचं? तुझ्या एका चकरेसाठी?"

तपासनीस पेन उघडून उभा होता. "मग काय, एकच माणूस लिहू?"

"लिहा," धाकटा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

त्यानंतर त्यानेच मुद्दा काढला, की बसणारं कुणी नाही तर दुसरी खुर्ची कशाला वाहायची? फुकटचे पाच किलो. वजनाची एवढी काळजी मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकली. खुर्चीखालच्या फटीत त्याचा हात जाईना. माझा गेला. चारही बोल्ट मी काढले. मीच बसवलेले असल्यामुळे वेळ लागला नाही.

पहिल्या उड्डाणाला सगळा क्लब जमला होता. विमान अर्ध्या धावपट्टीतच वर गेलं, दोन घिरट्या घालून अलगद उतरलं. धाकटा घामाने निथळत बाहेर आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"पिसासारखं उडतं हो," तो जमलेल्यांना म्हणाला. "आणि हे सगळं दादामुळे. वजन यानेच सांभाळलंय."

लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. धाकट्याची बायको माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"दादा, एक शिवी तरी हासडा," ती हळूच म्हणाली.

"सवय नाही गं," मी म्हणालो. टाळ्या माझ्यासाठी होत्या, तरी मीही वाजवत राहिलो.