थोरल्या ट्रकला धाकट्याचे ब्रेक

कल्पना करा, बाळांनो. तुम्ही उतारावरून धावत खाली येताय आणि पाठीवर भलं मोठं ओझं आहे. समोर वळण आलं. तुम्ही पायांना म्हणालात, "थांबा!" आणि पाय म्हणाले, "थांबतो हं, घाई कसली?" मग कसं व्हायचं?

भिंगरीच्या आईचं अगदी तसंच झालं होतं. आई एक छोटा ट्रक चालवायची. टेकडीवरच्या खाणीतून फरश्या भरायच्या आणि उतार उतरून खाली पोचवायच्या, हे तिचं काम. एका दुपारी तिनं ब्रेक दाबला. ट्रक थांबला खरा, पण वळणावरच्या कठड्याला नाक लावून. शेजारी भिंगरी बसली होती. त्या दिवसापासून आईनं तिला ट्रकमध्ये घेणं बंद केलं, आणि मग ट्रकच विकायचं ठरवलं. भंगारवाले काका उद्या सकाळी तो न्यायला येणार होते.

भिंगरी रुसली नाही, रडली नाही. ती सरळ आत्याच्या गॅरेजमध्ये गेली आणि तिला हाताला धरून घरी घेऊन आली.

"वहिनी, आजचा दिवस दे मला," आत्या म्हणाली.

"ताई, ब्रेकचे नवे पॅड तुम्ही दोनदा घातलेत की."

"पॅड बिचारे काय करणार? हा ट्रक बांधला तेव्हा याच्यावर लोक एवढं लादतील असं कंपनीला वाटलंच नव्हतं. पुढे त्यांचे डोळे उघडले. मग नंतरच्या मॉडेलला त्यांनी चाकाबरोबर फिरणारी डिस्क मोठी दिली, आणि तिला पॅडच्या चिमटीत धरणारा कॅलिपर दोन पिस्टनचा दिला. आपला हा थोरला, तो धाकटा. दोघांची हाडं सारखीच. धाकट्याचे ब्रेक थोरल्याला बसतात."

"आणि नाही बसले तर?"

"तर उद्या काका येणारच आहेत. ट्रकबरोबर मलाही नेऊ देत."

आई हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

काकांच्या भंगाराच्या आवारात आत्या भिंगरीला घेऊन गेली ती हातात पुठ्ठे घेऊनच. आपल्या ट्रकचा ब्रेक जिथे बसतो तिथल्या भोकांचा ठसा तिनं पुठ्ठ्यावर काढून कापला होता. एकेका मोडक्या ट्रकपाशी बसायचं, पुठ्ठा लावायचा, मान हलवायची, पुढे सरकायचं.

"काय बाई, ट्रकला सदरा शिवताय का?" काकांनी विचारलं.

"मापाशिवाय शिवला तर भर रस्त्यात उसवतो, काका."

"शिवा, शिवा. उद्या सगळं माझ्याकडेच परत येणार आहे."

अखेर एका निळ्या ट्रकला पुठ्ठा नेमका बसला. आत्यानं त्याच्या डिस्क आणि कॅलिपर तर काढलेच, पण मोठ्या कॅलिपरला जास्त तेल लागतं म्हणून तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही घेतला. जुन्या चाकात मोठा कॅलिपर घासला असता, म्हणून चाकंही घेतली. भिंगरी बघतच राहिली. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्यानं सगळं गणगोत घेऊन यावं, तसं झालं होतं. पण आत्यानं कुणालाच मागे ठेवलं नाही.

गॅरेजमध्ये ट्रक लोखंडी घोड्यांवर चढवला. भिंगरीनं दोन्ही कॅलिपर रॉकेलमध्ये ब्रशनं घासले, इतके की काळे होते ते चकाकायला लागले. आत्यानं त्यांना नवी रबरं, नवे पॅड घातले आणि ते बसवून टाकले. मग भिंगरी ट्रकमध्ये चढून पेडलवर पाय ठेवून बसली. आत्या चाकाशी.

"दाब! धर. सोड."

कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, लावलेल्या नळीतून बुडबुडे बाटलीत येत होते. "तेल दाबलं तरी आक्रसत नाही," आत्या खालून सांगत होती. "तू पायानं ढकललंस की ते पुढे ब्रेकला ढकलतं. पण मध्ये हवा राहिली ना, की ती लबाड स्वतःच दबते आणि तुझा जोर खाऊन बसते. म्हणून तिला हाकलायचं. दाब!"

बुडबुडे यायचे थांबले. तरी पेडल मऊच. पुन्हा केलं. मऊच. आईनं येऊन पाय ठेवून पाहिला.

"ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं वाटतंय. राहू द्या, ताई. सकाळची वाट कशाला, काकांना आत्ताच फोन करते."

आई बाहेर जाऊन फोन लावत बसली, पण काकांचा फोन काही लागेना. दुसरी कुणी असती तर तिनं पाना आपटला असता. आत्यानं हात पुसले आणि पाण्याची बाटली भिंगरीपुढे धरून उलटसुलट केली.

"बुडबुडा कुठे जातो?"

"वर."

"आता?"

"वरच. तो नेहमी वरच जातो."

"मग त्याच्या बाहेर पडायचं दार कुठे हवं? आणि आपलं कुठे आहे, बघ बरं."

भिंगरीनं चाकाच्या जागी वाकून पाहिलं. निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होतं.

आत्या खो खो हसत सुटली. "अगं, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे! चपला उलट्या घातल्या आपण याला. हवा बसलीये माळ्यावर आणि आपण तळघराचं दार उघडतोय!"

भिंगरीला हसू येईना. "आत्या, त्यांच्यावर खडूनं काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं मळ आहे. मी घासून टाकलं."

"तुला घासायला सांगितलं, तू घासलंस, आणि काय घासलंस! खडूनं खूण करून वर रॉकेल हातात देणारी शहाणी कोण? मीच." तिनं टोकदार पंच आणि हातोडी घेतली. डाव्या कॅलिपरवर एक ठिपका ठोकला, उजव्यावर दोन. "हं, हे घासून दाखव आता."

कॅलिपरांची अदलाबदल झाली. "दाब! धर. सोड." नळीतून बुडबुड्यांची रांगच्या रांग निघाली, मग नुसतं तेल. आणि भिंगरीच्या पायाखाली पेडल एकदम थांबलं, फरशीवर टाच टेकावी तसं.

"वहिनी, फोन खाली ठेव!" आत्या ओरडली.

आत्या लगेच उतारावर गेली नाही. आधी सपाट रस्त्यावर हळूहळू थांबत तिनं पॅडना सवय लावली. मग ट्रकमध्ये फरश्या भरल्या आणि तो घेऊन एकटीच टेकडी चढली. आई आणि भिंगरी वळणाच्या वर, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आईनं भिंगरीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

ट्रक आला. ब्रेक लागला. ट्रकनं पुढून जरा मान झुकवली आणि तो वळणाच्या कितीतरी अलीकडे, सरळ रेषेत उभा राहिला.

आत्यानं किल्ली आईच्या हातात दिली. "आता तू."

आई गेली, आली, थांबली. पुन्हा गेली, या वेळी जरा वेगानं आली, थांबली. मग खिडकीतून बाहेर वाकून तिनं फोन लावला. "काका, उद्या नका येऊ... नाही हो, निळ्याचे ब्रेकही परत नाही मिळायचे."

तिनं फोन ठेवला, पलीकडे वाकून शेजारचं दार उघडलं आणि म्हणाली, "ये, भिंगरे. बस."

भिंगरी धावत सुटली, पण पायरीशी येऊन थबकली. ती पुढच्या चाकामागे वाकली, तापलेल्या डिस्कपासून हात लांब ठेवून तेल गळतंय का ते बघायला तिनं पाइपच्या जोडाखालून बोट फिरवलं आणि निरखून पाहिलं. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथेही फिरवलं. कोरडं बोट तिनं आत्याला दाखवलं, आईला दाखवलं, आणि मग ती वर चढली.