बसून बघायचे फोटो

मी एक म्हातारं जाळं बोलतोय. नाक कशाला मुरडता? सवय झाली की माझा वास येत नाही.

सामोआच्या या किनाऱ्यावर मला इएलू कोळ्याने विणलं. गाठीगणिक एक शिवी हासडायचा, म्हणून मी असा तोंडाळ. पुष्कळ वर्षं मासे ओढले. मग भोकं पडली, तसा नारळाच्या बुंध्याशी पडून राहिलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या.

तिथून मला उचललं पेनिनाने. तिचं दुकान आहे. गिऱ्हाईक साबण निवडेपर्यंत ही त्याचा फोटो काढते. गावात असे आणखी चार फोटोवेडे निघाले. पहिल्याच बैठकीत, प्रदर्शनात कोणाचा फोटो मधोमध लावायचा यावरून भांडण झालं. म्हणजे मंडळ रीतसर स्थापन झालं.

प्रदर्शन ठरलं गावाच्या फालेत, म्हणजे सभाघरात. फालेला नुसते खांब आणि छप्पर, भिंत नाहीच. मग फोटो टांगणार कशावर? म्हणून खांबाखांबाला मला ताणलं.

शनिवारी तिथे बायकांचा बिंगो चालतो. गावचे प्रमुख लेआपाईकाका म्हणाले होते, "एक शनिवार देतो. लोकांना आवडलं तर दर महिन्याला या. नाहीतर बिंगो बरा." पेनिनाला दोन घास गोड लागेनात.

मंडळातला वाइतोआ ऑकलंडची प्रदर्शनं बघून आलेला. टेप घेऊनच उभा. "फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर पाहिजे. तिकडे असंच असतं." त्यानेच काढलेला एक फोटो मात्र पेनिनाने सगळ्यात वर, छपरालगत टांगला. त्यात चर्चमध्ये प्रवचन चाललंय आणि काका तोंड उघडं टाकून घोरताहेत.

"अगं, तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे."

"मग दाखव की पाखरांना."

शनिवारी काका आले आणि मांडी घालून बसले. झालं. प्रमुख बसलेले असताना उभं राहायची कोणाची टाप? अख्खं गाव चटयांवर बसलं, फोटो राहिले डोक्यावर. वर बघून बघून माना अवघडल्या. काकांच्या बायकोने, फुइओनाकाकूंनी, जांभई दिली. "बिंगोत निदान खाली बघायचं असतं."

पेनिनाचा चेहरा उतरला. ती गुडघ्यांवर सरकत खांबापाशी गेली.

"वाइतोआ, तिकडची गाठ थोडी सैल कर."

"माप बिघडेल."

"बिघडू दे, बाबा."

दोघांनी गाठी सोडल्या. आता थोडी म्हणजे किती, ते मी ठरवलं. भसकन खाली आलो. खालच्या रांगा लोकांच्या मांडीवर पसरल्या, आणि वरचे घोरणारे काका बरोबर खऱ्या काकांच्या नाकासमोर.

पेनिनाने डोळेच मिटून घेतले.

"मी झोपलो नव्हतो," काका म्हणाले. "ऐकत होतो."

"तोंडाने ऐकता काय हो?" काकू म्हणाल्या.

हशा उसळला. काका हसले नाहीत. पुढे वाकून फोटो बघत राहिले. "माझा बाप असाच दिसायचा," ते हळूच म्हणाले. "त्याचा एकही फोटो नाही आमच्याकडे." मग वाइतोआकडे वळले. "नालायका, पुढच्या महिन्यात गावातल्या म्हाताऱ्यांचे फोटो लाव. जागे असतानाचे."

"आणि बिंगो?" काकूंनी विचारलं.

"शुक्रवारी."

आता मी फालेतच राहतो. परवा इएलूचा फोटो लागला. म्हातारा धुतलेला सदरा घालून आला, माझ्यासमोर बराच वेळ बसला, आणि शिवी न देता माझं एक भोक शिवून गेला.

तुमच्या घरीही कोणी म्हातारं माणूस असेलच. त्याचा फोटो काढून आणा. झोपलेला असला तरी चालेल. भोकं आहेत मला, पण जागा भरपूर आहे.