विहीणबाईंचं तामोल

एरंडोलच्या लताबाईंनी साठीत आसामी शिकायला घेतली, तेव्हा आमच्या गल्लीनं हिशेब मांडला: मेहनत भरपूर, नफा शून्य. आसाम म्हणजे आमच्या लेखी चहाच्या पुड्यावरचं चित्र. पण त्यांचा मुलगा नवीन जोरहाटला नोकरीला, आणि तिथलीच जोनमणी सून म्हणून येणार. कुंकू-अक्षता लावून पत्रिका कुरिअरनं गेली. तरी मुलीची आई येते म्हणेना की नाही म्हणेना. विहीणबाई मनातून राजी नाहीत, या धास्तीनं लताबाईंना घास जाईना. विहिणीला तिच्याच बोलीत बोलावू, म्हणून त्यांनी मराठी शिकलेल्या होणाऱ्या सुनेचीच फोनवर शिकवणी लावली.

त्यांचे यजमान चुडामणभाऊ ओट्यावर सुपारी कातरत म्हणायचे, "लगीन पोऱ्यानं शे, परीक्षा तुन्ही का?"

"तुम्ही अडकित्ता चालाडा, तोंड नको."

‘आहोक, बोहोक’ म्हणजे या, बसा. एवढं येताच त्या आम्हालाही तसंच बोलवू लागल्या. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "आता ‘लग्नाला या’ कसं म्हणू?"

जोनमणी अडखळली. "आई, ते नुसतं म्हणत नाहीत. समोर पान-सुपारी ठेवतात, तामोल. मग म्हणतात."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर बोलावणं पोचलंच नाही असं धरतात. मी नवरी मुलगी, मी कसं सांगणार?"

लताबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या हसत सुटल्या. नवीननं तिथं चार वर्षं हिंदीवर भागवलं. त्याच्या लेखी तामोल म्हणजे जेवणानंतर चघळायची सुपारी!

"अहो, आपण त्यास्ले बलावंच नही!"

चुडामणभाऊंचा सुपारीचा आख्खा डबा पितळी ताटात ओतला गेला, शेजारी विड्याची पानं. पाटावर फोन उभा केला. डोक्यावर पदर घेऊन लताबाईंनी आसामीत आवतण दिलं. चुका झाल्या, पण थांबल्या नाहीत.

पलीकडे विहीणबाईंनीही पदर सावरून हात जोडले. त्या काय म्हणाल्या ते लताबाईंनीच डोळे पुसत आम्हाला सांगितलं: "फोनमधून तामोल खाता येत नाही म्हणे. जपून ठेवा, तिथं येऊन खाईन."

गल्लीनं टाळ्या पिटल्या. चुडामणभाऊंचा हात सवयीनं ताटाकडे गेला, तशी चापट बसली.

आता ताट देव्हाऱ्यापाशी आहे आणि पाहुणी येईपर्यंत घरात सुपारी फोडायला बंदी. बडीशेप चावत चुडामणभाऊ शिकवणीला येऊन बसतात. परवा फोनकडे वाकून विचारत होते, "पोरी, आसामीमा ‘लवकर या’ कसं म्हंतस?"