पहिल्या अंकाचं पांढरं लुगडं

वामनरावांच्या नाटक कंपनीची गाडी सकाळी वडशाहून निघाली ती मुळी रडतखडतच. चामोर्शीला चाक पंक्चर झालं. आलापल्लीच्या जंगलात शिरताना नाक्यावरच्या माणसानं पडद्यांखालून दोन बंदुका बाहेर ओढल्या, आणि झालं! त्या लाकडाच्या आहेत, नाटकातल्या आहेत, हे पटवायला वामनरावांना भर रस्त्यात खलनायकाचा अख्खा प्रवेश करून दाखवावा लागला. नाक्यावरची माणसं पोट धरून हसली. बंदुका परत मिळाल्या, पण वेळ कोण परत देणार?

दिव्यानीचा जीव नुसता खालीवर होत होता. बाहेर सागाची झाडं, दोघांच्या कवेत न मावणारी, तिच्या आजाच्या आजानंही अशीच पाहिली असतील. आज मात्र तिला एकेका झाडाचा राग येत होता. प्रयोग तिच्या माहेरी, मोहटोल्यात होता. कंपनीतल्या तबलेवाल्या आदेशशी लग्न केल्यापासून तिचा बाप लटारू तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आदेशला तर त्याच्या तोंडी 'तो ढोलक्या' याखेरीज नाव नव्हतं. आणि सकाळीच काकूचा फोन आलेला: "तुह्या बापानं आतापासूनच मंडपात बोऱ्या टाकून जागा धरली. पहिल्या रांगेत! पोरीले पाह्यतो म्हणे."

एवढ्या वर्षांनी बाप एक पाऊल पुढे आला होता, आणि ही मेली गाडी पुढे सरकायला तयार नव्हती.

"दिव्यानी, इथीच तोंड रंगवून घे," वामनराव गाडी चालवता चालवता ओरडले. "पोचलो का पडदा उघडतो. उशीर झाला तं लोकं मंडप डोक्यावर घेतीन बाप्पा!"

पहिल्याच अंकात ती विधवा होती. हलत्या गाडीत तिनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र पर्समध्ये टाकलं आणि पांढरं लुगडं गुंडाळलं. आदेशनं तोंड फिरवलं.

"मले नाई पाहवत हे."

"मंग नको पाहू!" ती वसकन बोलली. आज ती सगळ्यांवरच वसकत होती.

मोहटोल्याच्या अलीकडे नाला लागला. पाणी नव्हतं, नुसती रेती, आणि तिच्यात गाडी रुतली ती रुतलीच. आदेश आणि बाकीचे मागून ढकलायला लागले. दिव्यानी मदत शोधायला पुढे धावली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. बाप वाट पाहून उठून जाईल, मग पुन्हा कशाला येतोय तो! नाल्याच्या मधोमध तिला खरंच रडू फुटलं.

तेवढ्यात पलीकडून ट्रॅक्टर आला. गाडी फसली असेल म्हणून लटारूच बोऱ्या सोडून निघाला होता. त्यानं पोरीकडे पाहिलं. मोकळं कपाळ, उघडे हात, डोळ्यांत पाणी. तो खाली उतरला आणि मटकन रेतीतच बसला.

"पोरी! कवा झालं वं हे?"

"बाबा, ऐक ना..."

ऐकतो कोण! लटारू छाती पिटत होता. "माहा जवाई गेला! एक डाव दारात उभा नाई केला म्या त्याले! एक डाव जेवाले नाई घातलं माह्या जवायाले!"

ओरडा ऐकून आदेश गाडीमागून धावत आला, डोक्यापासून पायापर्यंत रेतीनं माखलेला. सासऱ्यासमोर येऊन घाबरून उभा राहिला.

"मामाजी, मी जित्ता हावो."

लटारू त्याच्याकडे पाहतच राहिला. मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं, उठला आणि आधी पोरीवर खेकसला, "पह्यले कुंकू लाव! तुहं नाटक जाऊ दे खड्ड्यात!"

ट्रॅक्टरवरचा दोर काढून त्यानं त्याचं एक टोक आदेशच्या हातात दिलं.

"बांधा, जवाई. अन् प्रयोग झाला का घरी जेवाले या."