तिसऱ्या तोंडावरचं हसू

तीन तिघाडा, काम बिघाडा असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. या तिघा पाथरवट भावांचं काम तिघांशिवाय होतच नसे. घराण्याची रीतच तशी. तीन तोंडांची मूर्ती घडवायची तर जन्म देणाऱ्याचं तोंड थोरल्यानं कोरायचं, सांभाळणाऱ्याचं मधल्यानं आणि नेणाऱ्याचं धाकट्यानं. तिघांचे हात एका दगडात उतरले, की देवाला कुणा एकाची बाजू घेता येत नाही, असं वडील सांगत.

धाकट्याची एक खोड होती. त्याचा नेणारा हसायचा. ओठांच्या कोपऱ्यात, जेमतेम.

"अरे, माणसं न्यायला येणारा हसतो होय?" थोरला करवादायचा.

"दादा, रागावून आला तर त्याच्याबरोबर जाईल कोण?"

धाकट्याची छाती तेव्हाच दगडाच्या धुळीनं भरत आली होती. थोरल्याला त्या हसण्याची भीती वाटायची. पण कबूल करेल तर तो थोरला कसला! एका बाईनं सांगितलेली मूर्ती पुरी झाली त्या दुपारी धाकटा खोकत घरी गेला, आणि थोरल्यानं छिन्नी घेऊन नेणाऱ्याच्या ओठांचे कोपरे सपाट केले. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं ते पाहिलं. भांडला नाही. आपली छिन्नी पुसली, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. पुन्हा कामावर आला नाही. सव्वा महिन्यात गेला. घर पलीकडच्याच गल्लीत, मधला रोज जाऊन बसायचा. थोरला शरमेनं एकदाही फिरकला नाही.

मग ती मूर्ती सांगणारी बाई आली. एकुलता मुलगा गेला म्हणून ती मूर्ती देवळाला देणार होती. तिसऱ्या तोंडाशी तिचा हात थांबला.

"हसणारा तुमच्याकडेच मिळतो म्हणून आले होते. माझ्या पोराला कुणी दरडावून नेलं नसेल, एवढंच मला बघायचं होतं हो."

थोरल्याची मान खाली गेली. "मीच खोडलं ते, बाई. आठ दिवस द्या."

दगड काढता येतो, लावता येत नाही. हसू परत आणायचं तर बाकीचा सगळा चेहरा खोल उतरवायला हवा. थोरल्यानं फडकं सोडून धाकट्याची छिन्नी घेतली. गाल, कपाळ, हनुवटी रोज थोडी थोडी उतरवत राहिला. रडत होता, आणि ते लपवतही नव्हता.

आठव्या दिवशी हसू उमटलं. मधला पाणी घेऊन आला आणि पेला तसाच हातात धरून उभा राहिला. बसलेले गाल, खोल गेलेले डोळे.

"दादा, हा तर आपला धाकटा."

"शेवटी असा दिसत होता?"

"अगदी असाच."

"आणि हसत होता का रे?"

मधल्यानं पेला खाली ठेवला.

"दार वाजलं की हसायचा. तू आलास असं वाटायचं त्याला."