ट्रिम या शब्दावरून

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथल्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहायचं काम दाक्षायणीकडे होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती तिथं लागली. आता तिची मुलगी संस्कृती बारावीला होती. मालक सयाजीराव हिशेबात कुणाला हार जायचे नाहीत, पण इंग्रजी म्हटलं की त्यांची गाडी पहिल्या वाक्यातच बंद पडायची. "बाईंना विचारा," एवढं म्हणून ते मोकळे व्हायचे. कारखान्यात बाया पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की ती दाक्षायणी. कुणाच्या पोराच्या शाळेचा अर्ज, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं तिच्या टेबलाशी यायचं. ती मान वर न करता अर्थ सांगायची. त्यात तिला फार सुख होतं.

मग फिरदोस आली. पंचविशीतली, शास्त्रीनगरला राहणारी, घरी दखनी बोलणारी आणि इंग्रजी तर घरच्यासारखंच बोलणारी. पहिले काही दिवस दाक्षायणीनंच तिला फायली दाखवल्या, डब्यातली शेंगाची पोळी दिली. एके दिवशी जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला. एरवी असे कॉल दाक्षायणीच घ्यायची, पण अडखळत. लिहायला बसली तर ती कुणाला ऐकायची नाही, पण समोर तोंड दिसलं की शब्द पळायचे. फिरदोस खुर्ची ओढून बसली, बोलली, मधेच हसली आणि तो जर्मन माणूसही हसला. सयाजीराव मागं उभे राहून दोघांची तोंडं आळीपाळीनं बघत होते. त्या दिवसापासून दाक्षायणीच्या पोटात दुखायला लागलं.

दुखायला कारणं लहान लहानच होती. केबिनमधून हाक यायची ती "फिरदोसला पाठवा" अशी. औषधाच्या बाटल्या आता पलीकडच्या टेबलावर जायच्या. पोरगी चहाच्या वेळी शब्दांच्या गमती सांगायची आणि सगळं ऑफिस कप हातात धरून ऐकत उभं राहायचं.

"इंग्लिशमधे काही शब्दांचे दोन उलटे अर्थ असतात," ती एकदा सांगत होती. "बँकेनं लोन सॅन्क्शन केलं म्हणजे मंजूर केलं. आणि एका देशानं दुसऱ्यावर सॅन्क्शन लावलं म्हणजे बंदी घातली. डस्ट म्हणजे धूळ झटकायची, आणि केकवर साखर डस्ट करायची म्हणजे भुरभुरायची."

दाक्षायणीला त्याच क्षणी आठवलं की असं मराठीतही आहे. ती तोंड उघडणार, तेवढ्यात पॅकिंगचा सिद्धाप्पा म्हणाला, "आमच्यात बी हाय की. दुकान वाढवलं म्हंजे बंद केलं. नारळ वाढवला म्हंजे फोडला. आन ताटात भात वाढला तर वाढलाच."

"वा, सिद्धाप्पाकाका," फिरदोस म्हणाली. "हे मला माहितीच नव्हतं."

सगळे हसले. दाक्षायणी कप घेऊन जागेवर गेली. माझ्या ओठावरचा शब्द त्या म्हाताऱ्यानं पळवला आणि शाबासकी द्यायचा मान मात्र हिला, असं तिला वाटलं. वाटणं खुळ्यासारखं आहे हे कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

घरी तरी सुटका असावी, तर तीही नव्हती. कारखान्याच्या दिवाळीच्या जेवणात संस्कृतीची आणि फिरदोसची ओळख झाली आणि पोरीनं तिचा नंबर घेतला. "मम्मी, हा उतारा मी फिरदोसताईला विचारू का? ती लई मस्त समजावून सांगते." दाक्षायणी भाकरी थापत होती. "विचार की," ती म्हणाली, आणि ती भाकरी तव्यावर करपली.

जानेवारीत डेन्मार्कहून ऑर्डर आली. हॉटेलांना माल पुरवणारे हेन्रिक नावाचे गृहस्थ, दाक्षायणीचं फार जुनं गिऱ्हाईक. मेलमध्ये इतर गोष्टींबरोबर एक ओळ होती: या वेळी सगळ्या हँड टॉवेलांच्या कडा ट्रिम करून पाठवा.

सयाजीरावांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "कडांचं काय करायचं म्हणतोय हा?"

फिरदोस म्हणाली, "सर, ट्रिम म्हणजे कापणं. कडेला दोरे राहतात ते साफ कापा, असं असेल. पण ट्रिम म्हणजे कडेला पट्टी लावून सजवणं पण होतं. दोन्ही अर्थ बसतात. एकदा विचारून घेऊ या."

विचारून घ्यावं, हेच दाक्षायणीच्याही मनात होतं. पण ते आधी फिरदोसच्या तोंडून आलं.

"विचारायचं काय त्यात?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्यांचे मेल वाचते. त्यांना पायपिंग पाहिजे, कडेला निळी पट्टी. असल्या शंका विचारल्या तर नवशिके समजतील आपल्याला."

"नक्की ना, बाई?" सयाजीरावांनी विचारलं.

"नक्की."

नक्की काहीच नव्हतं. फिरदोस पायपिंग म्हणाली असती, तर ही कापणं म्हणाली असती. केबिनबाहेर येईपर्यंत तिला ते स्वतःलाही कळून चुकलं, पण आता मागं फिरायचं म्हणजे पोरीसमोर फिरायचं. दुपारी शिलाईच्या हॉलमध्ये निळी पट्टी लागायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरदोस तिच्या टेबलाशी आली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिनं मोबाईल पुढं केला. "मॅडम, मला राहवलं नाही. काल मी त्यांना दोन ओळींचा मेल टाकला. हे उत्तर आलंय."

हेन्रिकनी लिहिलं होतं की पट्टी अजिबात नको. मागच्या मालाच्या कडांना दोरे लोंबत होते, ते कापून पाठवा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

"मी सरांना काही बोलले नाही," फिरदोस हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच सांगा. तुम्ही विचारून घेतलं, असं सांगितलं तरी चालेल."

दाक्षायणी उठली आणि केबिनमध्ये गेली. पोरीचे उपकार घ्यायचे, आणि तेही तिनं असे हळूच, वाटीत लोणचं द्यावं तसे द्यायचे, हे तिला सोसवेना.

"सर, फिरदोसनं कुणाला न विचारता डेन्मार्कला मेल टाकला," ती म्हणाली.

सयाजीरावांनी चष्मा काढला. "कशाबद्दल?"

"ट्रिमबद्दल."

"मग? काय उत्तर आलं?"

हा प्रश्न येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "कापायचं म्हणतायत," ती म्हणाली. "पायपिंग नको."

सयाजीरावांनी फोन उचलून शिलाईचा हॉल बघणाऱ्या नूरबीला मशिनी थांबवायला आणि लागलेल्या पट्ट्या उसवायला घ्यायला सांगितलं. फोन ठेवून त्यांनी चष्मा परत लावला.

"बाई, तुम्ही तक्रार आधी सांगितली आणि उत्तर मागून," ते म्हणाले. "डेन्मार्कचं इथून पुढं फिरदोस बघंल."

केबिनची भिंत पातळ काचेची. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. दाक्षायणी पाणी प्यायला गेली तर फिरदोस तिथंच उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मॅडम, मी तुम्हाला आधी दाखवलं ते कशासाठी?"

दाक्षायणीनं पेला खाली ठेवला. मग जे मनात होतं तेच बाहेर पडलं. "मला तुझा हेवा वाटतो गं."

"माहितीये," फिरदोस म्हणाली. "सगळ्या ऑफिसला माहितीये. वाटतो तर वाटू द्या. पण सरांकडं जायच्या आधी मला सांगत जा."

दाक्षायणीला वाटत होतं की आपण ते चांगलं झाकून ठेवलंय. इतके महिने आपण मान खाली घालून काम करत होतो आणि सगळे बघत होते, हे कळल्यावर तिचे कान तापले.

दुपारी ती डेन्मार्कच्या फायली घेऊन फिरदोसच्या टेबलाशी बसली. चोख समजावून दिलं. रंग ते नावानं सांगत नाहीत, नंबरानं सांगतात. जुलैत सुट्टीवर असतात. पेटीवरचं लेबल तिरकं लागलेलं त्यांना चालत नाही. फिरदोस विचारून विचारून लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आता मी त्यांना नीट ओळखीचा मेल लिहिते. मिसेसना आणि मुलांना माझा नमस्कार कळवते. मी सगळ्यांनाच लिहिते तसं."

दाक्षायणीच्या तोंडाशी आलं होतं. हेन्रिकची बायको गेल्या हिवाळ्यात वारली होती. त्यांनी एका ओळीत कळवलं होतं, आणि त्याला चार ओळींचं उत्तर लिहायला दाक्षायणीला सबंध दुपार लागली होती. ऑफिसात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

"लिही," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

कंपनीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. लिहू दे, तिला वाटलं. एकदा पडू दे तोंडावर. सगळ्यांना हसवते ना, बघू दे आता. मग तो माणूस ऑफिसात एकटा बसून ती ओळ वाचतोय, असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढं आलं. तो ओळीखालचं नाव बघणार नव्हता. त्याला बायको आठवणार होती. गाडी शांती चौकात सिग्नलला थांबली तेव्हा तिनं फोन लावला.

"बोला, मॅडम."

"तो मेल गेला का?"

"नाही, आत्ता लिहितेय."

"मिसेसचं काढून टाक. त्या वारल्या, वर्ष झालं. नुसतं काळजी घ्या, एवढंच लिही."

पलीकडं कीबोर्डचा आवाज थांबला. पोरीला कळलं असावं की ही गोष्ट दुपारीच सांगायची होती.

"हां मॅडम," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दाक्षायणी हातातल्या फोनकडं बघत राहिली. थँक्यू म्हणायला काय झालं होतं हिला, असं तिच्या मनात आलं. गाडी हलली. तिनं फोन पर्समध्ये टाकला, आणि लगेच परत काढून बघितला, काही आलंय का म्हणून.