मुळावर उठलेलं झाड

मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे ओळखीचे. कुंपणावर चढलेली पोरं आणि त्यांना खाली ओढणाऱ्या आया. सगळ्यांच्या नजरा एकाच फरशीवर. झाडालगतची ती फरशी एका बाजूनं वर उचलली गेली होती, आणि झाडांशी बोलणारे मूळमहाराज आज तिला नुसत्या शब्दानं खाली बसवणार होते.

घरची सून बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. गेल्या आठवड्यात याच फरशीला अडखळून तिचा चिमण्या तोंडावर आपटला होता. कपाळाला टाके पडले. तेव्हापासून तिच्या आत सगळं बधिर झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. फक्त डोळे चालू होते. चिमण्याच्या हातात काय, तोंडात काय, पायाखाली काय, एवढंच बघत राहायचे.

टाके परवाच काढायला हवे होते. कडा लाल दिसायला लागल्या होत्या. पण महाराजांनी बजावलं होतं, "झाडाला लोखंड नाही, पोराला लोखंड नाही. कुदळ नाही, डॉक्टरची कात्रीही नाही. हे झाड पोराच्या मुळावर उठलंय. मूल आणि मूळ! अहो, शब्दांतच सांगून ठेवलंय सगळं!"

एवढ्याशा कोटीवर सासूबाई गार झाल्या. नवरा म्हणाला, "आईचं मन कशाला मोडायचं? थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"जखमेला सांग ते," ती म्हणाली. आणि चिमण्याला घेऊन आत गेली. भांडायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं.

काल संध्याकाळी महाराज झाडाशी एकांतात बोलले होते. घरच्यांनी खिडक्या लावून आत बसायचं, असा हुकूम. सकाळी बघतात तर फरशी आणखी वर! "चिडलंय," महाराज म्हणाले. बातमी गल्लीभर झाली.

"कढत पाणी आणा!" आता ते गरजले. "मुळाचे पाय शेकल्याशिवाय ते मागं सरत नसतं!"

"झाडाला सांधेदुखी दिसते," शेजारच्या काकू पुटपुटल्या.

"चेष्टा नको हं," सासूबाईंनी डोळे वटारले.

किटलीतलं पाणी फरशीच्या फटींत जाऊ लागलं. "उतर! हे अंगण तुझं नाही! उतरतोस, की घालू मंत्राची शेवटची गाठ?" झाड गप्पच. मग फरशी करकरली. तिची वरची कड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थरथरली आणि बोटभर खाली बसली.

"आई गं!" अख्खं अंगण एका आवाजात म्हणालं. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "बघितलंस ना? आण आता बाळाला. फरशीवर बसव. आणि महिनाभर दवाखान्याचं नाव काढायचं नाही, महाराजांनी सांगितलंय."

ती पुढे झाली. जवळून बघितलं तर फरशी अजूनही सपाट नव्हती. चिमण्या अडखळला त्या दिवशी जेवढी वर होती, तेवढीच आत्ताही होती. उतरलं होतं ते फक्त रात्रीतून वाढलेलं.

तिनं चिमण्याला खाली सोडलं. त्यानं ओल्या फटीत बोट घातलं आणि थेट तोंडात. सवयीनं तिनं त्याच्या तोंडात बोट फिरवलं. खडा नव्हता, माती नव्हती. त्यानं तिचं बोट चोखलं आणि म्हणाला, "अजून."

तिनंही फटीतलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं.

"पाणी गोड आहे," ती म्हणाली.

"अमृत!" महाराजांनी लगेच हात वर केले. "मूळ प्रसन्न झालं!"

तोवर काकूंनी बोट बुडवून चाखलं होतं. "अमृत कसलं डोंबलाचं! माझ्या चहात असते तीच साखर आहे ही."

"फरशी काढ," ती नवऱ्याला म्हणाली.

"हात लावाल तर निर्वंश..."

"काढ."

तिचा आवाज इतका सपाट होता की नवऱ्यानं पहार आणलीच. फरशी निघाली. खाली मनगटाएवढं मूळ जसंच्या तसं पडलेलं. त्याच्या बाजूला, पाणी कमी पोचलेल्या कोपऱ्यात, साखरेच्या चौकोनी वड्या एकावर एक रचलेल्या, निम्म्या विरघळून खचलेल्या. वरून मुंग्यांची रांग. काल एकांतात महाराजांनी फरशी उचलून या वड्यांवर टेकवली होती. गरम पाण्यानं वड्या विरघळल्या, फरशी पुन्हा मुळावर येऊन बसली. चमत्कार एवढाच.

माणसं वळली तोवर महाराज कुंपणाच्या फटीतून निम्मे बाहेर होते. पोरांनी मागून साखर मागितली.

 सासूबाई चिमण्याच्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ. दवाखाना बंद व्हायच्या आत."

जखमेत पू धरू लागला होता. डॉक्टरीणबाईंनी टाके काढले, जखम धुतली आणि तिघांनाही झापलं. चिमण्या जोरात रडला. ती त्याचं डोकं धरून बसली होती. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून वाट बघत होती. वाटलं नाही. हात मात्र घट्ट होते.

मूळ फरशीखाली का आलं, तेही तिनंच शोधलं. कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी रोज त्याच कोपऱ्यात मुरत होतं. तिनं नळी वळवून झाडाच्या पलीकडे सोडली. झाड आणि फरसबंदी यांच्यामध्ये खोल चर खणून घेतला. चरात आलेलं मूळ कापलं, तेही खोडापासून लांब, नाहीतर झाड वाऱ्यात आडवं व्हायचं. मूळ परत इकडे येऊ नये म्हणून चरात जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरला, फरशीखालचा मुळाचा तुकडा काढला आणि जाड खडी घालून फरशी पुन्हा बसवली.

झाड कुणाच्या वाईटावर नसतं. मूळ पाणी असेल तिकडे जातं, त्याला तेवढंच कळतं. आपल्याला त्याहून थोडं जास्त कळायला हवं. आत बसा, खिडक्या लावा, असं कुणी सांगितलं तर खिडकीतच उभं राहा. उचलून बघू नका म्हणालं तर तेच आधी उचला. आणि लेकराची जखम लाल दिसली तर कुणाचं मन मोडेल याचा विचार करत बसू नका, दवाखाना गाठा.